नदीचे मूळ पाहू नये काय?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकली आहे. तिचा अर्थ कोणाला फोडून सांगावा लागत नाही. थोर पुरुष कोणत्या घरी जन्मला याची चौकशी करू नये, त्याने काय दिले ते पाहावे. आपल्या संप्रदायाला तर ही म्हण दुप्पट लागू पडते. येथे शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, गावकुसाबाहेरचे चोखोबा असे सगळेच संतपदाला पोहोचले आणि कुळाचा प्रश्न विचारू नये असे कायमचे ठरून गेले. ऋषीच्या कुळाविषयी म्हणूनच आमची काही तक्रार नाही. परंतु म्हणीचा पहिला भाग, तो नदीचा, गेल्या कार्तिकापासून आम्हांस स्वस्थ बसू देत नाही.

आमची वस्ती ठाण्याच्या वागळे इस्टेटीत. 1962 सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ याच भागात झाला. कारखाने उभे राहिले, त्यांत कामाला घाटावरून, कोकणातून, मराठवाड्यातून माणसे आली, आणि माणसांबरोबर टाळ-मृदंगही आले. पुढे कारखाने पुष्कळसे बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रस्त्यांना मात्र अजून नंबरच आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, असाच पत्ता सांगावा लागतो. आमचे भजनी मंडळ त्या जुन्या कामगारांचेच. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी वॉचमन. आता बहुतेक निवृत्त. तरुणांपैकी एकच टिकून आहे, तो आमचा पखवाजी. हा इस्टेटीतल्याच एका लहानशा प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचे काम करतो. बोअरिंगचे पाणी, टँकरचे पाणी, कंपन्यांचे सांडपाणी, जे येईल ते.

कार्तिक वद्य एकादशीला नेहमीप्रमाणे मंडळी आळंदीला गेली. पहाटे घाटावर उतरलो तो इंद्रायणीवर फेस. अलीकडच्या वर्षांत ज्यांनी तो पाहिला आहे त्यांस वर्णन करून सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पिंजलेला कापूस पाण्यावर हातभर जाडीने अंथरला आहे अशी कल्पना करावी. वाऱ्याने त्याचे पुंजके उडत होते. आमच्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "माय दुधानं न्हाली बघा आज." तिने दोन्ही हातांनी फेस बाजूला सारला, खालचे पाणी ओंजळीत घेतले आणि प्याली. आम्हीही तेच केले. वर एक बाटली भरून घेतली. बाटली सरबताची होती.

घरी आल्यावर शेजारपाजारचे दर्शनाला आले, त्यांच्या हातावर पळी पळी तीर्थ दिले. आमचा नातू पाच वर्षांचा आहे. तो "आजोबा, आणखी" म्हणून पुन्हा हात पुढे करी आणि आम्हांस त्याचे फार कौतुक वाटले. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. चार दिवस इस्पितळात सलाईन लावावे लागले. आता पोर ठणठणीत आहे.

ते त्या पाण्यानेच झाले असे आम्ही म्हणत नाही. शाळेच्या दारावर त्याने काय काय खाल्ले हे त्यालाच ठाऊक. पण डॉक्टरांनी विचारले, "बाहेरचं पाणी वगैरे प्यायला होता का?" तेव्हा सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही म्हणालो, "नाही." खोटे बोलावे असा हेतू नव्हता. तीर्थालाही पाणी म्हणतात हे त्या घटकेला आमच्या मनातच आले नाही. किंवा आले, आणि आम्ही ते दाबले. अजूनही नक्की सांगता येत नाही. या लेखाचे खरे कारण ते एक "नाही" आहे.

बाटलीत अजून निम्मे पाणी होते. ते घेऊन आम्ही पखवाज्याकडे गेलो. त्याने बाटली उजेडात धरली, झाकण पाहिले आणि परत दिली. म्हणाला, "काका, ही बाटली काही सांगणार नाही. सरबताची, आतून साखर लागलेली. वर आठ दिवस कपाटाच्या उबेत. आता यात जे वाढलंय ते नदीचं की तुमच्या कपाटाचं, हे कोण सांगेल? मी आकडा काढून देईन, पण तो खोटा असेल." आम्हांस वाटले होते, नळीत पाणी घालायचे, रंग पाहायचा, झाले. खरे सांगायचे तर त्याच्या या नकारानेच आमचा त्याच्या शास्त्रावर विश्वास बसला. जो कोणी "आणा, सांगतो" म्हणतो त्याच्यापासून, मग तो देवऋषी असो की प्रयोगशाळावाला, चार हात दूर राहावे.

पुढच्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर आम्ही मंडळींपुढे विषय काढला. पुन्हा आळंदीस जाऊन रीतसर पाणी आणावे आणि तपासून घ्यावे. आमचे विणेकरी आबा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी वीणा खाली ठेवली नव्हती. ती तशीच खांद्यावर धरून ते पखवाज्याला म्हणाले, "आईच्या दुधाची परीक्षा करतोस होय रे? ज्या पाण्यानं तुकोबांची गाथा तेरा दिवस सांभाळली, त्याला तुझी नळी पास-नापास करणार?" आणि मग ती म्हण त्यांनी उच्चारली. नदीचे मूळ पाहू नये.

आबांचे हे म्हणणे हसून सोडून देण्यासारखे नाही. ज्याला आपण शरण जातो त्याची आपण परीक्षा घेत नाही. ठोकून-पारखून घ्यायचे असते ते मडके. देव पारखून घेणाऱ्याने देव घेतलेलाच नसतो, सौदा केलेला असतो. हे सगळे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, आळंदीच्या घाटावर आम्ही शरण कोणाला गेलो होतो? माउलींना, इंद्रायणीला, की त्या दिवशी पहाटे वरच्या अंगाने कोणीतरी जे काही सोडून दिले होते त्याला? पाण्यात ही तिन्ही एकच होऊन आली, म्हणून तिघांनाही एकच नमस्कार करावा काय?

आणि आईचेच उदाहरण घ्यायचे तर घेऊ. आई अंथरुणाला खिळली आहे, अंगात ताप फणफणला आहे, आणि मुलगा म्हणतो आहे, "आईवर माझा विश्वास आहे, ती आजारी नाहीच, मला तिच्याच हातची भाकरी पाहिजे." या मुलाला आपण मातृभक्त म्हणू काय?

त्या बैठकीत आमच्यातले एक कीर्तनकार होते. ते म्हणाले, गंगेचे पाणी कधी नासत नाही हे खुद्द साहेबाने सिद्ध केले आहे. हे खरे आहे, आणि ते नीट सांगण्यासारखे आहे. अर्नेस्ट हॅन्किन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे त्यांनी 1896 साली प्रसिद्ध केले. पाणी उकळले की तो गुण नाहीसा होतो, हेही त्यांनी नोंदवले. पुढे 1917 साली डेरेल या शास्त्रज्ञाने जंतूंना खाणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंचे वर्णन केले, तेव्हा त्या गुणाचा उलगडा होऊ लागला. हॅन्किन साहेबांचे हे संशोधन आपल्या कीर्तनांतून आणि प्रवचनांतून गेली कित्येक वर्षे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आम्हीही सांगितले आहे.

परंतु साहेबांना ते कळले कसे? त्यांनी गंगेचे पाणी नळीत घातले, त्यात जंतू सोडले, किती उरले ते मोजले. म्हणजे नदीचे मूळच पाहिले. त्या वेळी कोणी म्हटले नाही की, ही आईच्या दुधाची परीक्षा झाली. परीक्षा आपल्या बाजूने निघाली की तो देवाचा महिमा आणि विरुद्ध निघाली की ती अश्रद्धा, असा हा व्यवहार आहे. हे आम्ही बैठकीत बोललो तेव्हा कीर्तनकार रागावले. आबा मात्र रागावले नाहीत. वीणा तशीच होती. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं, मग डोळ्याला दिसतंय त्याचं काय? दुधासारखं पांढरं पाणी वाईट, आणि स्वच्छ दिसतं ते चांगलं, असंच ना तुमचं?"

असे मुळीच नाही, आणि येथे वाचकांस दोन हकीकती सांगितल्या पाहिजेत.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे उल्कापाताने झालेले मोठे विवर आहे. त्याची रुंदी सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर. तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. लवणासुराचा वध विष्णूने येथे केला अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आहे. गंमत अशी की, विवराच्या काठावर धारेचे पाणी अखंड पडते आणि ते गोड आहे, आणि खाली सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी की साध्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असताना याचा दहाच्याही वर जातो. एकाच खळग्यात दोन स्वभाव. तर या सरोवराचे पाणी 2020 सालच्या जून महिन्यात एकाएकी गुलाबी झाले. त्या वेळी करोनाची साथ चालू होती. कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन, कोणी कोठले तरी रसायन सोडले असेल म्हणून चिंता केली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे विषय गेला. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या संस्थेकडे आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे गेले. आगरकर संस्थेतल्या मंडळींना असे दिसले की, पाण्याची बाटली काही दिवस स्थिर ठेवली की गुलाबी अंश तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. तो त्यात राहणाऱ्या, खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता. हॅलोआर्किया असे त्यांचे नाव. पाऊस कमी, उन्हाने पाणी आटलेले, खार वाढलेला, मग या जीवांना सुगी आली. पावसाळा आला आणि रंग ओसरला. भयंकर दिसणारे ते पाणी आपल्या जागी निर्दोष होते. अर्थात ते पिण्यासारखे कधीच नव्हते, गुलाबी नसतानाही.

दुसरी हकीकत मुंबईची. 18 ऑगस्ट 2006 च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. हजारो माणसे धावली. सर्व धर्मांची, हे लक्षात घ्या. बाटल्या भरल्या, मुलांना पाजले, आजाऱ्यांसाठी घरी नेले. मिठी नदी तेथेच खाडीला मिळते, आणि मिठीत मुंबईचे काय काय वाहत येते हे मुंबईकराला सांगायला नको. महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ते पाणी पिऊ नका म्हणून विनवले. शास्त्रज्ञांनी सांगितले की, पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी भरपूर येते. ते खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून वर तरंगते, आणि माणूस ओंजळ भरतो ती वरूनच. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले. आम्ही त्या वेळी ठाण्याहून तिकडे गेलो नाही, पण जाण्याचा विचार नक्की केला होता. तेथे डोळ्यांनी आणि जिभेनेही फसवले होते. गोड याचा अर्थ स्वच्छ, असा जिभेने परस्पर निकाल दिला.

तिसरी गोष्ट हकीकत म्हणण्याइतकी चटकदार नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावे आहेत जिथे हातपंपाचे पाणी काचेसारखे स्वच्छ येते. ना वास, ना रंग, ना चव. त्यात फ्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त आहे. ते लिटरमध्ये एक मिलिग्रॅम असावे आणि दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालेल, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, पाठी वाकतात. पाणी उकळून हे जात नाही. उलट आटल्यावर दाट होते. आबांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे. पांढरे ते वाईट आणि नितळ ते चांगले, असे कोणत्याही प्रयोगशाळेचे म्हणणे नाही. तसे म्हणायचे असते तर प्रयोगशाळा हवी कशाला, डोळे पुरले असते.

शेवटी आबांनी परवानगी दिली. परवानगी म्हणजे काय, ते म्हणाले, "जा, पण नदीला सांगून घ्या."

पखवाजी आणि आम्ही दोघे गेलो. त्याने घरून दोन तऱ्हेच्या बाटल्या आणल्या होत्या. एक साधी, ती त्याच नदीच्या पाण्याने तीनदा विसळून मग भरायची. दुसरी वाफेने निर्जंतुक करून कागदात गुंडाळलेली, ती मुळीच विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचे नाही. काठावरचे पाणी घ्यायचे नाही, वरचा फेसही नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊन बाटलीचे तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला धरून हातभर खाली बुडवायची. जागा, तारीख, वेळ लगेच लिहायची. मग बर्फाच्या पेटीत ठेवून चोवीस तासांच्या आत टेबलावर पोहोचायचे. हे सगळे तो इतक्या निगुतीने करीत होता की आम्हांस सोवळ्यातल्या स्वयंपाकाची आठवण झाली. फरक एवढाच की सोवळे आपण आपल्याला बाट लागू नये म्हणून पाळतो, आणि हा पोरगा नदीला आपला हात लागून तिच्यावर खोटा आळ येऊ नये म्हणून पाळत होता. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने वाकून पाणी डोळ्यांना लावले. आबांचा निरोप त्याने मनातल्या मनात सांगितला असावा.

प्रयोगशाळेत त्याने आम्हांस शेजारी उभे केले. साबणाचा अंश ओळखण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पाण्यात मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग आणि क्लोरोफॉर्म घालून ते मिश्रण हलवतात. क्लोरोफॉर्म जड, म्हणून खाली बसतो. पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीतले द्रव्य नसेल तर निळा रंग वरच पाण्यात राहतो. ते असेल तर रंगाचा हात धरून त्याला खाली क्लोरोफॉर्ममध्ये ओढून नेते. जितके द्रव्य जास्त तितका खालचा थर निळा. आमच्या देखत तळाशी निळाई उतरत गेली. जंतूंची परीक्षा वेगळी. अन्न घातलेल्या नळ्यांत पाणी सोडून त्या उबेला ठेवतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी घातलेली असते. मैल्यातले जंतू असले तर ते वायू सोडतात आणि छोट्या नळीत बुडबुडा धरतो. दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा एकीत नव्हे, रांगेने बुडबुडे धरले होते.

आकडे आम्ही येथे देत नाही. एक घाट, एक सकाळ, एक बाटली, यावरून नदीवर निवाडा देणे बरे नव्हे, आणि हे आम्हांस पखवाज्यानेच बजावले. नदी रोज वेगळी असते. पावसात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत इंद्रायणीचे नाव आहेच, त्यासाठी आमच्या बाटलीची गरज नाही. मात्र दोन मापे वारकऱ्याने ध्यानात ठेवावीत. पिण्याच्या पाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये मैल्यातला ई-कोलाय जंतू एकही असता कामा नये. आंघोळीच्या पाण्यात अशा जंतूंची संख्या शंभर मिलिलिटरला पाचशेपर्यंत असावी, अगदीच झाले तर अडीच हजार, त्यावर नाही. सरकार स्नानाला एक माप लावते आणि पानाला दुसरे. आपण घाटावर दोन्ही एकाच ओंजळीत करतो.

त्या दिवशी प्रयोगशाळेतून परतताना आम्ही पखवाज्याला विचारले, "तुला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"आकडा ठाऊक नव्हता. अंदाज होता."

"मग दर वर्षी घाटावर तू काय करतोस?"

तो थोडा चाचरला. म्हणाला, "ओठाला लावतो आणि सोडतो."

दहा वर्षे तो आमच्याबरोबर आळंदीस येतो आहे. दहा वर्षे आमच्या शेजारी उभा राहून त्याने ओंजळ ओठाला लावली आणि सोडली, आणि आम्ही प्यालो, आमच्या मंडळींनी घरी नेऊन लेकरांना पाजले. त्याचा आम्हांस पहिल्या क्षणी असा राग आला की रस्त्यात उभे राहिलो. "तू बोलला का नाहीस?" तर म्हणाला, "काका, मी बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?"

आम्ही काय म्हणालो असतो ते आम्हांस चांगले ठाऊक आहे. आम्ही म्हणालो असतो, दोन बुके शिकला म्हणून आला शहाणपण शिकवायला. म्हणजे त्याचे मौन आम्हीच त्याला शिकवले होते. आणि तरीही, वाचकहो, तो सुटतो असे आम्हांस वाटत नाही. स्वतःपुरते वाचणे आणि शेजारच्याला न सांगणे याला दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे म्हणता येणार नाही. त्याला आम्हां अडाण्यांची भीती वाटली, आणि भीतीला त्याने आदराचे नाव दिले. आम्ही डॉक्टरांना "नाही" म्हणालो तेव्हा आम्हीही तेच केले. त्याच्यावर रागावण्याचा आमचा हक्क तेथेच संपला.

आमचे मत असे झाले आहे. आबा इंद्रायणीचे पाणी पितात, पुढेही पितील. ऐंशी वर्षांचा मनुष्य आपल्या देहाचे काय करतो, कोणत्या भावाने करतो, यात पडण्याचा अधिकार ना आम्हांला आहे ना पखवाज्याला. फक्त त्यांना निळ्या थराची आणि बुडबुड्यांची गोष्ट सांगितलेली असावी, मग त्यांनी खुशाल प्यावे. ते त्यांचे व्रत होईल. पण पळी दुसऱ्याच्या हातावर झुकली की ते व्रत राहत नाही. स्वतः निर्जळी करावी, तान्ह्या पोराला उपाशी ठेवून कोणाची एकादशी होत नाही. नातवाने हात पुढे केला तो पाण्यावरच्या श्रद्धेने केलाच नव्हता. तो आजोबांच्या हातावरच्या विश्वासाने केला होता. त्या विश्वासाचे उत्तर "तीर्थ आहे, काही होत नाही" हे असू शकत नाही, कारण होते की नाही हे आम्ही पाहिलेच नव्हते.

काही मंडळी सुचवतात, पाणी उकळून तीर्थ द्यावे. जंतूंपुरते ते ठीक. साबणाचा अंश आणि कारखान्याची रसायने उकळून जात नाहीत, हे फ्लोराईडवरून सांगितलेच आहे. आमच्या घरी आता नळाचे पाणी तांब्यात भरून त्यात तुळस घालतो आणि इंद्रायणीला मनाने स्मरतो. माउलींनी 1296 साली तेथे समाधी घेतली, ती काही पळीभर पाण्यात मावत नाही.

पण यामुळे सुटका झाली असे मात्र समजू नये. येथेच ती म्हण उलटून अंगावर येते. फेस साबणाचा. साबण कोणाचा? वरच्या अंगाला गावे आहेत, शहर आहे, कारखाने आहेत, धुण्याच्या पावडरी वापरणारी लाखो घरे आहेत. आणि वारीच्या दिवसांत आपण? चंद्रभागेच्या वाळवंटात साबण लावून आंघोळ करणारे, त्याच पाण्यात कपडे आपटणारे, पत्रावळी आणि प्लास्टिक मागे ठेवून जाणारे कोण असतात? इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठा येते, मग उजनीचे धरण, आणि तीच भीमा पंढरीला चंद्रभागा होते. आळंदीचा फेस इतक्या वाटेत विरून जात असेल. पाण्यात विरघळलेले सगळेच विरते असे नाही. नदीचे मूळ पाहू नये असे जो म्हणाला त्याच्या काळी मुळाशी डोंगरातला झराच असणार, पाहून काही वाईट निघण्याची भीती नव्हती. आज मूळ शोधीत गेलो तर वाटेत कोणाची तरी मोरी लागते, आणि बहुधा म्हणूनच ही म्हण आज आपल्याला इतकी सोयीची वाटते.

मागच्या एकादशीला पखवाज्याने अहवालाचा कागद आणला. आबांनीच सांगितले होते, हरिपाठानंतर वाच म्हणून. तो वाचू लागला. मिलिग्रॅम, एमपीएन, अमुक मर्यादा, तमुक मर्यादा. निम्मी मंडळी पेंगुळली. मग त्याने कागद ठेवला आणि निळा थर कसा खाली उतरतो ते हाताने दाखवले, तेव्हा सगळे जागे झाले. आबांनी दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. पुढच्या कार्तिकात आपण पिणार की नाही हे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

मागे बसलेल्या बायकांतून एक आजी म्हणाल्या, "अरे, पण मग आपल्या मोरीतलं पाणी कुठं जातं रे?"

पखवाजी तेवढ्याच सहजपणे म्हणाला, "थोडं शुद्धीकरण केंद्रात जातं, आजी. बाकीचं नाल्यातनं खाडीला."

"आणि त्याला फेस येतो का?"

त्याने ते कधी तपासले नव्हते. या रविवारी सकाळी मंडळातले चौघे जण त्याच्याबरोबर नाल्यावर जाणार आहेत. बाटल्या त्याच्याकडच्याच न्यायच्या, सरबताच्या नाहीत, असे ठरले आहे.